कमलबाईच्या कानातल्या वायरी

...मी म्हनतो, बाईमाणसानं कानात कुड्या घालाव्यात, बुगड्या घालाव्यात, झुंबरं लोंबकळू द्यावीत, माझं काय जातंय? पण वायरी? चहा टाकताना वायरी, म्हशीची धार काढताना वायरी, देवापुढं दिवा लावताना वायरी... आन मी बोलायलोय!

तुमाला सांगतो... थांबा, तुमच्या कानात काय न्हाई ना? ओ जाकीटवाले, तुमी जरा तिकडचा कान दाखवा... हां. बरं.

तर ही म्हंजे आमची कमल. लगीन झाल्यापास्नं माझं ऐकणारं ह्या गावात एकच माणूस. सोसायटीत माझं कुणी ऐकत न्हाई, ग्रामसभेत मी उभा राहिलो की लोकं चपला हुडकतेत. पण घरी येऊन मी सुरू केलं की ही ज्वारी निवडत निवडत 'हं... हं...' म्हनायची. तेवढ्या 'हं'वर माणूस जगतो हो!

आन त्यात माती कुणी कालवली? आमच्या पोरीच्या पोरीनं, मंजुषानं. परभणीला कॉलेजात हाय. दिवाळीला आली आन म्हनली, "आजी, आजोबांचं घोरणं ऐकू येऊ नये म्हणून हे घाल." घोरणं! मी घोरतो व्हय? बरं, घातलं तर घातलं, गाणी तरी नीट लावायची! अभंग न्हाई, लावणी न्हाई, शिनेमाचं बी न्हाई. इंडी रॉक म्हनं! चार पोरं, केस वाढलेले, गिटारीला असं झोंबायलेत जसं रुसलेलं बोकड ओढायलेत. आन गाणारा? गाणारा रडायलाय! मागचा ढोलवाला त्याला बडवायलाय म्हणून रडायलाय का काय, देव जाणे.

आन एकटी ऐकती तर ऐक बाई! न्हाई. ग्रुप हाय! पुण्याचं एक मुकुल नावाचं पोरगं त्याचा कारभारी. कुठकुठले लोक दिवसभर एकमेकाला गाणी सुचवायलेत. एक म्हनतो, "हा बँड ऐकाच, ह्याला कुणी ओळखतच नाही!" की दुसऱ्याच्या पोटात दुखायलं, "माझ्या बँडला तर त्याहून कमी लोक ओळखतात!" आरं, आमच्याकडं ज्याचं गाणं कुणी ऐकत न्हाई त्याला सांगतेत, बाबा, तू खुरपं घे. इथं म्हनतेत, कुणाला म्हाईत न्हाई, म्हणून भारी!

आन तिथं आमची कमल लय मोठी झाली बगा. लिहिता येत न्हाई, म्हणून बोलून पाठवती. बर्फाच्या देशातलं कसलं तरी गाणं आलं, तर ही म्हनती, "मुकुल बाळा, थंडीनं गळा बसलाय लेकराचा, पण मनातून म्हनायलाय. ढोलवाल्याला घाई हाय, गाणाऱ्याला न्हाई, म्हणून गोड लागतंय." झालं! लाल बदामाचा सडा पडला मोबाईलवर. "कमलमावशी, काय बोललात!" माझ्याशी बोलायचं तर 'भाकर वाढू का?' एवढंच, आन बर्फातल्या पोरावर भाषण!

सोनपेठच्या बाजारात तर हद्द झाली. मी वांग्याचा भाव करायलोय, आन ही शेजारच्या मालनबाईला लिंक पाठवायलीय. दोन दिसांनी मालनबाई म्हनती, "अगं, पयल्यांदा काईच कळंना, पण तिसऱ्यांदा ऐकलं की लागतंय गं आत." आता दोघी ओट्यावर एकेक वायर वाटून घेऊन माना हलवायल्यात... आन मी बोलायलोय!

एकदा म्हनलं, "अगं, त्याचं विंग्रजी तुला कळतंय का?" माझ्याकडं न बगताच म्हनली, "न्हाई कळत, म्हणून तर बरं हाय. कळायचं ते लय ऐकलं."

मग माझं डोकंच सटकलं. कुणाला म्हाईत न्हाई म्हणून भारी ना? मग मला सोनपेठच्या पुढं कोण ओळखतंय? माझ्याइतका भारी माणूस ह्या तालुक्यात घावायचा न्हाई! रविवारी मंजुषा आली, तिला गोठ्यात नेलं. म्हनलं, "धर मोबाईल. टाक माझं बी ग्रुपवर. त्या वायरीतून तरी हिच्या कानात जाईन." आन सुरू केलं... भाजीतल्या मिठापास्नं जावयापर्यंत, जावयापास्नं लायटीपर्यंत, मधे दम बी घेतला न्हाई. मागं कडबा कापायची मशीन धडधडायलीय, मधीच म्हैस हंबरली. पोरीनं वर लिहून टाकलं, "सोनपेठकडचा नवा कलाकार. कुणीच ऐकलेला नाही."

बदामाचा खच पडला हो! "काय कच्चा आवाज आहे!" "हा संताप खरा आहे!" "मागचं ते वाद्य कोणतं?" मुकुल म्हनतो, "म्हशीची एंट्री! अंगावर काटा आला!"

मला काय करायचेत बदाम? मी सैपाकघराच्या दाराआड उभा, सगळं ध्यान हिच्याकडं. हिनं ते लावलं. भाकर थापता थापता हात थांबला. मान... मान हलली हो जराशी! माझी छाती अशी धडधडायली, हिला बगायला गेलो तवा बी एवढी धडधडली नव्हती. मग पिठाच्या बोटानं बटन दाबून बोलली,

"मुकुल बाळा, ह्या गाणाऱ्याला मी लगीन झाल्यापास्नं ऐकायलेय. ह्याची समदी गाणी एकाच चालीची हायत."

मेलो की हो मी दाराआड! तर ते पोरगं काय म्हनावं? "बाप रे मावशी! म्हणजे तुम्ही त्यांच्या सगळ्यात जुन्या फॅन!"

ही हासली. तोंडाला पदर लावून हासली. मग दाराकडं न बगता म्हनली, "आवो कलाकार, या हिकडं. पाय दिसायलेत तुमचे." आन एका बाजूची वायर काढली. "एक कान तुमाला, एक कान बँडवाल्याला. बोला."

तवापास्नं रोज संध्याकाळी ती ज्वारी निवडायलीय, आन मी बोलायलोय! वाटणी मंजूर हाय, आपली तक्रार न्हाई. फकस्त एवढंच... मला तिनं डावा कान दिलाय, आन त्या कानानं तिला पयल्यापास्नंच ऐकू येत न्हाई.