लेबल दाखवायचं नाही

जाई: ती बाटली खाली ठेव, आई.

आई: आवाज कमी कर. खिडकी उघडी आहे, अख्खा ब्लॉक ऐकतोय.

जाई: ऐकू दे! या ब्लॉकमध्ये मराठी कळणारी घरं दोनच, आपलं आणि सुलेखा काकूंचं. आणि काकूंनी तर ऐकायलाच पाहिजे.

आई: हे बघ, मी फक्त खाली नवव्या मजल्यावर जाणार, सुलेखावहिनींना ही मार्माइटची बाटली दाखवणार, मागचं लेबल वाचून दाखवणार. यीस्टचा अर्क, मीठ, भाज्यांचा अर्क. संपलं. यात रामायण काय आहे एवढं?

जाई: दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा त्या नक्की काय म्हणाल्या? त्यांच्या शब्दांत सांग.

आई: सांगितलं ना, थोडा गैरसमज झालाय.

जाई: ते तुझे शब्द झाले. तुझे शब्द नेहमी इस्त्री केलेले असतात.

आई: ...म्हणाल्या, आमच्या जान्हवीला तुमच्या घरी गाईचं खायला घातलं.

जाई: खायला घातलं! मी! तिला! आई, ती बाटलीत चमचा घालून खाते! मी पावाला नखाएवढं लावते, आणि ही बया आइस्क्रीम असल्यासारखी चाटते. वर म्हणते, अजून आहे का गं? अख्ख्या वर्गाला याचा नुसता वास आला तरी सगळे नाक धरून पळतात. आवडणाऱ्या आम्ही दोघीच. त्यावरूनच तर आमची जोडी जमली!

आई: तेच मला कळत नाही. दिवसभर वन-नॉर्थच्या लॅबमध्ये मी यीस्टच्या वासात बसते. हा अर्क आम्ही जंतूंना खायला घालतो, जाई. जंतूंना! आणि घरी आले की माझी मुलगी तोच पावाला फासून...

जाई: तुझे जंतू नशीबवान आहेत. विषय बदलू नकोस.

आई: चूक कशी झाली ते तरी समजून घे. अशीच काळी, बुटकी दुसरी एक बाटली असते. तिच्यात गाईच्या मांसाचा अर्क घालतात. वहिनींच्या ऑफिसातली कुणी बाई तो पेजेत घालून खाते म्हणे. जान्हवी घरी काहीतरी बोलून गेली, आणि यांनी दोन्ही जोडलं.

जाई: मग जान्हवीनं सांगायचं ना! ओ-लेव्हलच्या परीक्षेला बसतेय, लेबल वाचता येतं तिला. पण तिनं काय सांगितलं? "जाईनं दिलं." बस्स, एवढंच! तेव्हापासून एमएसएनच्या चॅटवर मी ब्लॉक. आज कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. मी समोर उभी राहिले तर वरसुद्धा बघितलं नाही. "मम्मी सेड कॅनॉट, लाह." सहा वर्षांची मैत्री, आई, आणि मम्मी नको म्हणाली म्हणून कॅनॉट लाह!

आई: म्हणूनच म्हणतेय ना. लेबल दाखवलं की उद्यापासून ती परत येईल. परीक्षा तोंडावर आलीये, गणिताला तुम्ही दोघी एकमेकींवाचून बसत नाही. तुला ती परत यायला नकोय का?

जाई: पाहिजे. खूप पाहिजे.

आई: मग?

जाई: मग काय! तू लेबल दाखवणार, काकू म्हणणार, "अय्या, शाकाहारी होय? मग काही हरकत नाही." म्हणजे बाटली चांगली निघाली म्हणून आपण चांगले. आणि नसती निघाली तर?

आई: पण निघाली ना.

जाई: त्यांनी न बघताच कसं ठरवलं? ते सांग. वर्गातल्या हुई मिनच्या घरी खरंच गाईचं शिजतं, जान्हवी तिकडे जाते, जेवते, काकूंना सगळं माहितीये. तिथे काय, तर "तू आपला भात खा हं." हुई मिनच्या आईला कधी फोन गेला? आपल्याकडे पावाचा तुकडा खाल्ला तर पोरीला डोक्यावरून आंघोळ घातली!

आई: काय घातली?

जाई: आंघोळ. मला लिफ्टमध्ये भेटली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. विचारलं तर रडायलाच लागली. हे फोनवर नाही ना सांगितलं त्यांनी?

आई: नाही.

जाई: आणि त्यांचे ते उपवास! आपल्या घरात पाऊल टाकलं की यांचा उपवास. तू साबुदाण्याची खिचडी केलीस तर म्हणे साबुदाणा बाधतो. पाणीसुद्धा पर्समधल्या बाटलीतलं पितात. तुझ्या लक्षात कधी आलंच नाही?

आई: आलं.

जाई: कधी?

आई: पहिल्याच भेटीत. आत आल्या, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, खाली बुद्धाची मूर्ती बघितली, आणि म्हणाल्या, "काही करू नकोस गं, आज माझा गुरुवार." बुधवार होता त्या दिवशी.

जाई: आणि तू काय केलंस?

आई: सफरचंद कापून दिलं.

जाई: आई!

आई: काय करायला हवं होतं मी? नवा देश, नवी नोकरी, बाबा तुझे महिन्यातले पंधरा दिवस जकार्ताला. तू दहा वर्षांची, रोज विचारायचीस, इथे माझ्याशी मराठीत कोण खेळणार? मला खाली एक मुलगी मिळाली तुझ्याएवढी. म्हटलं, तिच्या आईनं नाही खाल्लं तर नाही खाल्लं. पोरींचं तरी जमेल. जमलं की नाही?

जाई: जमलं. म्हणून तर एवढा राग येतोय!

(दाराची बेल वाजते.)

आई: त्याच असणार. तू आत जा.

जाई: नाही जाणार.

आई: मग तोंड मिटून उभी राहा. ...या, सुलेखावहिनी. बसा ना.

सुलेखा काकू: बसत नाही गं, संजीव ऑफिसातून यायची वेळ झाली. हा तुझा डबा द्यायला आले. परवा शेंगदाण्याची चटणी पाठवली होतीस ना.

आई: जड लागतोय डबा.

सुलेखा काकू: हो, चटणी तशीच आहे. कुणी हात नाही लावला. टाकून देणं जिवावर आलं म्हणून म्हटलं परत द्यावी. राग मानू नकोस हं. एकदा असं काही कळलं की घास उतरत नाही बघ. शेवटी चमचे, भांडी सगळी एकच असतात ना घरात.

जाई: भरलेला डबा परत आणलात, काकू?

आई: जाई.

सुलेखा काकू: बोलू दे तिला. जाई, बाळा, तुझ्यावर नाही हं माझा राग. तुमच्यात चालतं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढलाय? आम्ही मुळीच तसले नाही. उलट मी मंडळात सगळ्यांना सांगते, आमची नीता एवढी शिकलेली, घर कसं आरशासारखं, बोलणं किती शुद्ध. वाटतसुद्धा नाही.

जाई: काय वाटत नाही?

सुलेखा काकू: अगं, म्हणजे... आपलं बोलायची पद्धत असते.

जाई: नाही, सांगा ना, काकू. काय वाटत नाही?

सुलेखा काकू: नीता, कशी बोलतेय बघ ही! इथल्या शाळांनी शेफारून ठेवलंय पोरांना. बरं, ते जाऊ दे. तीच का गं बाटली, तुझ्या हातातली? संजीव सांगत होता, एकसारख्या दोन मिळतात म्हणे, त्यातली एक चालते. आण बघू, मी वाचते. चालणारी असली तर मिटलंच सगळं. जान्हवी उद्यापासून येईल अभ्यासाला. मी काय पोरींना तोडायला बसलेय?

आई: नाही.

सुलेखा काकू: तेच म्हणतेय ना, मी कशाला तोडेन...

आई: नाही दाखवणार बाटली, सुलेखा.

सुलेखा काकू: म्हणजे ती दुसरीच आहे तर!

आई: असेल, नाही तर नसेल. खाली टाउन सेंटरच्या सुपरमार्केटमध्ये दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. जा, हातात घे, वाच. माझ्या घराची परीक्षा माझ्याच दारात उभी राहून घेऊ नकोस.

सुलेखा काकू: परीक्षा? माझ्या मुलीच्या पोटात काय गेलं, हे मी विचारायचंसुद्धा नाही? आई आहे मी तिची!

आई: विचारायचं ना. शंभर वेळा विचारायचं. "नीता, काय होतं गं ते?" एवढं म्हणाली असतीस तर हातातलं काम टाकून टॅक्सीनं आले असते मी लेबल दाखवायला. तू विचारलंसच कुठे? तू मला सांगितलंस. आणि पोरीला नेऊन नळाखाली बसवलंस.

सुलेखा काकू: ते आमच्या घरातलं आहे.

आई: हो. आणि बाटली आमच्या घरातली.

सुलेखा काकू: एवढ्याशा गोष्टीवरून अडून बसतेस? परीक्षेच्या तोंडावर पोरी रडतायत. जान्हवी दोन दिवस नीट जेवली नाहीये, नीता. तुझ्या हट्टापायी...

आई: जाई, तू सांग. बाटली तुझी, मैत्रीण तुझी. तू म्हणशील तर दाखवते, आत्ता.

जाई: मी?

आई: हो, तूच.

जाई: ...काकू, दाखवली तर जान्हवी खरंच येईल?

सुलेखा काकू: येईल म्हणजे काय! आत्ता पाठवते वर.

जाई: आणि तुम्ही? ही चटणी खाल? फार नाही, बोटावर घेऊन. इथे, आत्ता.

सुलेखा काकू: आत्ता? अगं, लसूण आहे ना तिच्यात, मला ॲसिडिटी...

जाई: नको दाखवूस, आई.

सुलेखा काकू: शाब्बास! चांगलं वळण लावलंयस पोरीला. ठीक आहे. पुन्हा म्हणू नका, सुलेखानं हात पुढे केला नव्हता.

आई: डब्याबद्दल थँक्यू. सावकाश जा, लॉबीतली फरशी आत्ताच पुसलीये, ओली आहे.

जाई: गेल्या?

आई: लिफ्टसाठी थांबल्या नाहीत. जिन्यानं गेल्या.

जाई: आई, तू काय बोललीस! तू! माझी आई! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या!

आई: धर हा डबा.

जाई: मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल.

आई: आणि?

जाई: तसं नाही वाटत. त्या आता खाली जाऊन जान्हवीला काय काय सांगतील.

आई: सांगतील. तू नसतं अडवलंस तर ती आत्ता इथे असती.

जाई: माहितीये मला. सारखं कशाला सांगतेस? आणि तिचा पण राग आलाय मला, काकूंपेक्षा जास्त. काकू आपल्या कोण? पण तिला सगळं माहिती होतं, आई. ती फक्त उभी राहिली.

आई: मीही सहा वर्षं उभीच होते.

जाई: तू वेगळी.

आई: उद्या सकाळी शाळेला जाताना लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबणार, जान्हवी आत येणार. मी येऊ तुझ्याबरोबर?

जाई: नको. जुनी लिफ्ट आहे, सावकाश उतरते. दोघींपैकी कुणीतरी बोलेल.