तांबड्या कोंबड्याची मान

...नाही, आधी ही भुवई बघा माझी! जावई आहे मी, जावई! लोकांचे जावई सासुरवाडीहून वजन वाढवून येतात, मी टाके घालून आलो. आणि कशासाठी? एका पिसासाठी!

तुम्हाला सांगतो, आमच्या सासऱ्यांना मासेमारीचं भयंकर वेड. गांडूळ लावून मासा धरणं म्हणजे त्यांच्या मते फसवणूक! गळाला पीस गुंडाळून खोटी माशी करायची, ती पाण्यावर तरंगवायची, आणि मासा फसला की तो म्हणे प्रामाणिकपणा! बरं, पीस कुठलंही चालत नाही. कोंबडीचं भिजतं, बुडतं. कोंबड्याचंच हवं, तेही मानेवरचं... लांब, अरुंद, ताठ! कोंबडीवाल्याच्या दुकानात हे गृहस्थ एकेक पीस ओठावर घासून बघतायत, मागून गिऱ्हाइकं ओरडतायत, "आजोबा, कोंबडा घेताय की मुका?"

शेवटी पिंजऱ्यात एक तांबडा सापडला. काय मान हो, नुसती तांब्याची तार! सासऱ्यांनी हात घातला मात्र, पलीकडून दुसरा हात... डॉक्टर! सासऱ्यांचे बालमित्र, आणि तळ्यावरचे हाडवैरी. "सोड, मी आधी पाहिला!" "तू? तुला मोतीबिंदू आहे!" झालं! एकाने पाय ओढले, दुसऱ्याने पंख, कोंबड्याने दोघांचे हात फाडले, डॉक्टरांनी तराजूचं पारडं उचललं, सासऱ्यांनी सोललेली कोंबडी गरगरा फिरवून त्यांच्या कानफटात हाणली, रक्त काय, आतडी काय... कोंबडीवाला सुरा टाकून टेबलाखाली! मी मध्ये पडलो. मध्ये पडू नये हो! पारडं माझ्या कपाळात, नखं माझ्या मानेत, आणि सासरे किंचाळतायत, "जपून! पीस मोडेल!" म्हणजे मी मोडलो तर चालेल? एका पिसासाठी?

कोंबडा माझ्या टाळूवर पाय देऊन जो उडाला, तो रस्त्यापार!

आता टाके कोण घालणार? तेच, डॉक्टर! दवाखान्यात सासरे दिवा धरून उभे, आणि दोघांचं एकदम गूळपीठ! "घाबरू नका जावईबापू, माशी बांधणारा हात आहे, बारीक पडतील." दुसरा टाका ओढता ओढता थांबले. वाकून माझ्या मिशीकडे बघायला लागले. "अरे, माशीच्या शेपटीला असा केस शोधून मिळायचा नाही!" सासऱ्यांनी दिवा खाली आणला.

सुई अजून भुवईतच होती हो... म्हटलं, कापा.