धाकटीचं माहेर

आमचं गाव अलिबागेपासनं आत, डोंगराच्या अंगाला. समुद्र पंधरा किलोमीटर लांब, त्यामुळं तुमचे मुंबईवाले तिकडं फिरकत न्हायत, बरंच हाय ते. गावात आमची घरं अकरा, सगळी एकाच गणूची पिलावळ. गणू म्हणजे माजा पणजोबा. त्याला दोन बायका, थोरली आणि धाकटी. थोरली गावातलीच, तिचं माहेर चार घरं सोडून. धाकटी कुठली ते कोणाला ठाऊक न्हाय. गणू पावसाळा सोडून बाकी वर्ष लाकूडतोडीला जायचा, तर एका वर्षी परत आला तो हिला घेऊन आला, रेवदंड्याला होडीतनं उतरला म्हणतात. म्हणून ती होडीतली. आणि आमी तिच्या पोटचे, म्हणजे धाकटीचे. अकरातली आठ घरं थोरलीची, तीन आमची. लिवताय तर हे नीट लिवा, कारण पुढचं सगळं याच्यावर हाय.

लहानपणापासनं ऐकतोय मी हे. पालखीला खांदा द्यायला गेलो तर थोरलीचे आधी, धाकटीचे मागनं. भांडण झालं, गुरं शेतात शिरली, काय पण झालं की शेवट त्याच्यावर यायचा, तुमी गप बसा रे होडीतले. माजा बापूस गप बसायचा. मी त्याला विचारलं होतं एकदा, तुमच्या आजीचं, म्हणजे या धाकटीचं, माहेर कुठलं? तर बोलला, मी दहा वर्षांचा होतो ती गेली तवा, तिला कोणी विचारलं की ती उठून चुलीकडं जायची. एवढंच. बापूस गरीब माणूस होता, चांगला होता, पण मला त्याचा राग यायचा. अजून येतो. माणसानं एवढं गप असू नये.

मी नागावला येऊन राहिलो त्याला तीस वर्षं झाली. लोकांच्या वाड्या बघतो, माडावर चढून नारळ पाडतो, म्हणजे पाडायचो, आता गुडघे ऐकत न्हायत, आता खालनं पोरांना शिव्या घालतो. बायको घरगुती खानावळीत भाकऱ्या करते. एक पोरगी, मंजिरी, ती अलिबागेत दवाखान्यात नर्स हाय. तिचं लग्न ठरलं होतं पेणकडं. मुलगा कंपनीत, घर बरं, माणसं गोड बोलणारी. साखरपुडा झाला. मग पंधरा दिवसांनी मुलाचा मामा आला, चहा पण घेतला न्हाय, बोलला, आमचं जमायचं न्हाय. का तर बोलला, तुमच्या गावात चौकशी केली, तुमच्या घराण्याचं मूळ लागत न्हाय म्हणतात.

कोण म्हणतात? तर नामदेव अण्णा. थोरलीच्या घरातला, नात्यानं माजा चुलतभाऊ, भावकीचा म्होरक्या. माज्या बापाच्या मयताला यानं खांदा दिला होता. मी तसाच उठून गावाला गेलो. अण्णा पडवीत सुपारी कातरत बसला होता. मी बोललो, पोरीचं लग्न मोडलंस तू. तर हा माणूस वर बघत न्हाय, काय सांगू तुमाला, अडकित्ता चालूच, आणि बोलतो कसा, मी खोटं काय बोललो? सांग तुज्या पणजीचं माहेर, मी आत्ता पेणला फोन करून माफी मागतो. आणि त्याची सून आतनं हसली. ते हसणं मी विसरणार न्हाय.

त्या दिवशी मी ठरवलं, शोधणार. पोरगी बोलली, बाबा सोडा, ती माणसं तशीच असतील तर बरं झालं मोडलं. बायको बोलली, सोडा. सगळे सोडाच बोलतात. जो मारतो त्याला कोणी सांगत न्हाय सोड म्हणून.

कचेरीत गेलो. जुन्या नोंदी बघायच्या तर अर्ज करायचा. कारकून विचारतो, बाईचं माहेरचं नाव काय, गाव काय. अरे बाबा, तेच शोधायला आलोय ना! तो बोलला, मग कशावरनं शोधू? असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळेला मी त्याच्या टेबलासमोर मांडी घालून खाली बसलो, तवा कुठं आमच्या गावाची मयताची वही निघाली. सगळं मोडीत. मला मोडी येत न्हाय, कारकुनाला येत न्हाय. मग अलिबागेत एक म्हातारे गुरुजी हायत मोडी वाचणारे, त्यांच्याकडं नक्कल नेली. त्यांनी भिंग लावून वाचलं, सखू भ्र. गणू, वय साठ, जुलाब. मी विचारलं भ्र. म्हणजे काय, तर भ्रतार, म्हणजे नवरा. बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव, बापाचं न्हायच. आणि सखू हे तर सासरचं नाव, लग्नात बदललेलं. म्हणजे बाई अख्खी पुसून टाकलेली. मी चिडलो, गुरुजींवरच चिडलो, जसं काय त्यांनीच पुसलं.

गुरुजी शांत माणूस. बोलले, बाईचं नाव कुठं येतं माहीत हाय? जिथं भांडण असतं तिथं. तुमचा पणजोबा वारला तेव्हा जमिनीची वाटणी झाली असेल, त्याचे कागद मागा. मागितले. दोन महिने गेले, पण निघाले. तंटा झाला होता, बरोबर. गणू मेल्यावर थोरलीच्या पोरांनी अर्ज दिला होता मामलेदाराकडं, की सखू ही लग्नाची बायको न्हाय, ठेवलेली हाय, तिच्या मुलांना हिस्सा द्यायचा न्हाय. अर्ज देणारा कोण, तर अण्णाचा आजोबा. बगा, रक्तातच हाय. आणि त्यात पणजीचा जबाब होता, खाली अंगठा. गुरुजी मोठ्यानं वाचायला लागले. मी सखू भ्र. गणू, जात कुणबी, माहेरचे नाव चंद्री, बापाचे नाव हिरू पाटील, मूळ राहणार संस्थान जंजिरा. पुढं गावाचं नाव. पहिला नवरा लहानपणीच मयत. गणूशी पाट लागला तो पाच माणसांसमक्ष लागला. माहेरचे लोक मजला मेली म्हणतात, मी जिवंत हजर आहे.

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं, बोलले, पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. आमचं गाव तवा इंग्रजांचं आणि ते गाव नबाबाचं, म्हणून कोणाला पत्ता लागला न्हाय. ती दुसऱ्या राज्यातनं आली होती.

गावाचं नाव मी सांगत न्हाय, आगरदांड्याच्या वरच्या बाजूला हाय एवढं लिवा. त्या लोकांना मी माज्या तोंडानं मोठं करणार न्हाय. मंजिरीला घेऊन गेलो. पाटलांचं घर विचारलं, सापडलं लगेच, खाली जुना जोता आणि वर पर्यटकांसाठी नव्या खोल्या. घरवाला माज्यापेक्षा लहान, पन्नाशीचा असेल. आधी वाटलं गिऱ्हाईक, या या केलं. मी बोललो, हिरू पाटलांची चंद्री, तिचा मी पणतू. त्याचं तोंड बदललं. बोलला, चंद्री होती आमच्यात, आमच्या आजोबांची आत्या, ती तापानं गेली तरुणपणी, पाटलांनी स्वतः नोंद केलेली हाय, बघा जाऊन वहीत. मी जबाबाची नक्कल पुढं केली. त्यानं हातात घेतली न्हाय. बोलला, नाव कोण पण सांगेल, तुमाला पाहिजे काय, जमिनीत हिस्सा? मी बोललो, तुजी जमीन तुज्या उरावर घे, मला फक्त एवढं बोल की ती तुमची होती. तर बोलला, निघा, आणि फाटक लावलं. पोरीसमोर लावलं.

आमी रस्त्यानं चालायला लागलो तर मागनं एक म्हातारी आली काठी टेकत, त्याची आई, सून म्हणून आलेली त्या घरात. वळणावर गाठलंन आमाला. बोलली, तुमी खोटं न्हाय बोलत. माज्या सासूनं मला सांगितलेलं. पाटलाच्या घरात विधवेचा पाट लावायचा न्हाय म्हणून ठरलेलं, आणि ही पोर लाकूडतोड्याबरोबर खाडी उतरून गेली. पाटलांनी जितेपणी दहावा घातला तिचा आणि वहीत मयत लिवलं. मग दोन-तीन वर्षांनी ती आली होती परत, कडेवर पोर घेऊन, बांधावर उभी राहिली. भावांनी दगड मारले. आईनं आतनं खिडकी लावून घेतली. ती दुपारपर्यंत उभी होती, मग गेली.

ते कडेवरचं पोर म्हणजे माजा आजोबा. त्याच्या कपाळावर खूण होती, आमी समजायचो झाडावरनं पडला असेल. आता दगडाचीच होती की झाडाची, कोण सांगणार.

मी त्या म्हातारीला बोललो, हे तुमच्या पोरासमोर का न्हाय बोललात? ती बोलली, बाबा, मला याच घरात राहायचंय. मंजिरी तिच्या पाया पडली. मी न्हाय पडलो. पडायला पाहिजे होतं असं पोरगी बोलते. मला न्हाय वाटत.

मग त्या तालुक्यातनं मयताची नक्कल पण काढली. चंद्री, बाप हिरू, वय वीस, ताप. जबाब त्याच्या कितीतरी वर्षांनंतरचा. मेल्यावर चार पोरं झाली तिला!

गावच्या देवळात भावकीची बैठक होती, जीर्णोद्धाराची. सगळे होते. मी उभा राहिलो आणि दोन्ही कागद वाचले. मला वाटलं, संपलं आता. अण्णानं ऐकून घेतलं आणि हसून बोलतो, म्हणजे पळूनच आलेली ना? आणि काही जण हसले पण. तुमी विचार करा, वर्षभर मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि त्यानं एका वाक्यात मला होतो तिथं आणून ठेवला.

पण मी तिसरा कागद मागं ठेवला होता. त्याच तंट्यातला, पाठीमागच्या पानावरचा, गुरुजींनी नंतर वाचून दिलेला. मी बोललो, अण्णा, आता तुज्या पणजीचं ऐक. थोरलीचं. आणि वाचलं. मी काशी भ्र. गणू, जात कुणबी. सखू ही माझी सवत. तिचा पाट माझ्या ओटीवर लागला, तिच्या डोक्यावर पदर मी घातला. माझे मुलगे सांगतात ते खोटे आहे. तिच्या मुलांस हिस्सा द्यावा. खाली तिचा पण अंगठा.

थोरली स्वतःच्या पोरांच्या विरुद्ध उभी राहिली होती मामलेदारासमोर. आणि हे तिच्या नावानं आमाला हिणवत होते इतकी वर्षं. अण्णानं चपला घातल्या, उलट्या घातल्या, तसाच गेला.

पेणवाल्यांचा निरोप आला महिन्याभरात, परत बसू म्हणून. मंजिरीनं स्वतः फोन केला आणि न्हाय सांगितलं. मला बोलली, बाबा, हे कागद तुमी माज्यासाठी काढले न्हायत, तुमच्यासाठी काढले. असेल. असू दे.

आता परवाची गोष्ट. अण्णाची नात कॉलेजात जाणार, तिला जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा पाहिजे, जात लिवलेला. त्यांच्याकडं काय न्हाय. माज्याकडं हाय. अण्णा आला न्हाय, सुनेला पाठवलंन, तीच ती हसणारी. मी तिला दारातनं परत लावली. बोललो, पोरीला पाठव. दुसऱ्या दिवशी पोरगी आली, सतरा वर्षांची, घाबरलेली. मी गुरुजींनी लिवून दिलेले दोन्ही जबाब तिच्या हातात दिले आणि बोललो, मोठ्यानं वाच. पहिल्यापासनं. तिनं ओटीवर उभं राहून वाचले, सखूचा पण, काशीचा पण. अडखळली, मी परत वाचायला लावलं. वाचून झाल्यावर विचारते, आजोबा, यातली आपली कुठची? मी बोललो, तुजी थोरली, माजी धाकटी. ती बोलली, मी दोघींचं नाव लिवू का वंशावळीत? तिथं दोघींना जागा न्हाय, फॉर्मात बायकांची जागाच न्हाय, ते मी तिला सांगितलं न्हाय. बोललो, लिव, आणि कचेरीतल्या नकला पण तिला दिल्या.

अण्णाशी मी बोलत न्हाय. मरेपर्यंत बोलणार न्हाय, त्याच्या मयताला जाईन की न्हाय ते पण आत्ता सांगत न्हाय. त्या पाटलांच्या गावावरनं एसटी जाते, मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसतो. राग गेला का विचाराल तर न्हाय गेला, आणि जावा असं मला वाटत पण न्हाय, त्याच्यावरच तर उभा हाय मी या गुडघ्यांनी. पण ती पोरगी चांगली वाचते. तिचं भलं होऊ दे. तेवढं मात्र मनापासनं बोलतोय, लिवा.