हात मागे, भिकाजी!

...हात मागे म्हणे! अहो, सोळा वर्षं गलबतावर शिडाच्या दोऱ्या ओढलेले हात हे, ते मागे बांधून उभं राहायचं? तुम्हाला सांगतो, आमच्या खाडीवर नव्या पुलाचं काम निघालं, आता एसटी पलीकडे तरीच्या धक्क्यावर थांबणार नाही, थेट गावात येणार! तर त्या पुलाच्या कठड्यावरून दोरांनी फळी खाली सोडायची, त्या टांगत्या परांचीवर माणसं उतरवून गिलावा करायचा, आणि त्यांच्यावर पाहिजे मुकादम. दोरातलं कळणारा. मग भिकाजीशिवाय आहे कोण? बायको, सुभद्रा, लगेच देवाला नारळ बोलली. 'ओ, ही मुकादमी गावली तर दर्यावर जावक नको तुमका!' मी दर्यावर असलो की तिला घास गिळवत नाही हो... म्हटलं, जमवायचंच! आठ दिवसांचं तर शिक्षण!

शिकवायला पुण्याचे ओव्हरसियर, डोक्यावर हॅट, तोंडात शिटी. 'भिकाजी, मुकादमाचं काम डोळ्यांचं! दोर तपासा, चूक दिसली की शिटी मारा, काम थांबवा. गाठ कामगार मारतील. तुम्ही हात मागे!' अहो पण समोर माणूस दोराशी झोंबतोय, आणि मी काय बोहल्यावरच्या नवऱ्यासारखा नुसता उभा राहू? पहिल्या दिवशी चार वेळा हात पुढे गेले, दुसऱ्या दिवशी सहा. 'हात मागे, भिकाजी!' तिसऱ्या दिवशी खिशात कोंबले, तर आतल्या आत सुतळीला गाठी मारत बसले! घरी विहिरीवर म्हटलं, बघू तुझ्या कळशीचा दोर... तर बायकोसुद्धा, 'हात मागे!'

आठव्या दिवशी परीक्षा. परांचीवर कोण? धोंडू! बायकोचा सख्खा भाऊ, मी तपासायच्या आधीच उतरून बसलेला! खाली ओहोटी, नुसते खडक. मी ऐटीत निघालो. डावा दोर, ठीक. उजवा दोर... आणि बघतो तर काय! गाठ कसली? शिडाची! आता वादळात शीड एका झटक्यात सुटलं नाही तर गलबत पालथं, म्हणून आमची गाठ अशी, की शेपटी ओढली की मोकळी! आणि ती शेपटी लोंबतेय धोंडूच्या कानाशी, आणि तो मेला ती हातात धरून वर बघतोय...

'भावोजी, ह्या काय लोंबता? ओढू काय?'

शिटी अशी फुंकली की खाडीतले बगळे उडाले! 'धोंडू, हात मागे!!'

चौघांनी त्याला वर ओढला. साहेब म्हणाले, 'ही गाठ मारली कुणी?' अहो, अख्ख्या पुलावर ती गाठ येणारा माणूस एकच! सकाळी गप्पा मारता मारता हात पुढे गेले असणार, मला पत्ता नाही! गप्प बसावं काय? सुभद्रेचा नारळ आठवला. पण धोंडूचं ते पांढरं पडलेलं तोंड... म्हटलं, गेली मुकादमी खड्ड्यात. 'मीच, साहेब.'

साहेब म्हणाले, 'चूक पकडलीत. पास! पण ह्या हातांचं काय करायचं हो?'

केलं त्यांनी! माझ्या हातांवर वेगळा मुकादम नेमला, शिटीसकट. धोंडू! आणि तो घरी जेवायलाही येतो... काल इसवण माशाच्या शेवटच्या तुकडीकडे जरा हात पुढे केला, तर मेल्याने शिटी वाजवली! तुकडी त्याच्या पानात. बायको हसतेय. मी काय करणार? हात मागे!