रिकाम्या ताटांनी केलेला घोटाळा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि या सभागृहातल्या निम्म्या मंडळींचं रक्त तपासलेल्या आपल्या डॉक्टरीणबाई. प्रमुख पाहुणे, अन्न तपासणी खात्याचे साहेब. आमच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना तुम्ही सगळे आक्का म्हणता. व्यासपीठाच्या कडेला, फोटोत येऊ अशा बेताने बसलेले आमचे हे. आणि आमच्या हॉटेलात वर्षानुवर्षं जेवून आज पहिल्यांदाच आमचं भाषण ऐकायला आलेल्या बंधूभगिनींनो,

मला बोलायची सवय नाही. माझं काम गल्ल्यावर बसायचं. तिथे "या", "बसा" आणि "सुटे द्या" एवढ्या तीन वाक्यांवर माझा संसार झाला. पण आक्का म्हणाल्या, "भाषण धाकटीच करेल, बाकीचे रडतील." तेव्हा मी रडणार नाही असं ठरवून आले आहे. बघू या.

आक्का आजपासून स्वयंपाकघरातून निवृत्त होत आहेत. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे आणि लेकीने दुसऱ्या गावी त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे. रंग आक्कांना पसंत नाही, पण जाणार आहेत. आता अशा प्रसंगी माणसाचे गुण सांगायचे असतात. आक्कांच्या हाताला चव आहे हे मी तुम्हाला काय सांगावं? तुमचे कमरेचे पट्टेच सांगतायत. म्हणून मी गुण सांगत बसत नाही. आमच्या हॉटेलात झालेला एक मोठा घोटाळा सांगते.

तुम्हाला आठवत असेल, आमच्याकडे पूर्वी एका माणसाला जे ताट यायचं, ते दोन्ही हातांनी उचलावं लागायचं. खाली भाताचा ढीग, त्यावर रस्सा, बाजूला अख्खी अर्धी कोंबडी, भाजलेले बटाटे, पाव, आणि पावावर लोण्याचा एवढा गोळा. आधी ताटं साधी होती. ती पुरेनात म्हणून मोठी आणली. मग त्याहून मोठी. शेवटी चार जणांच्या टेबलावर दोनच ताटं मावायला लागली आणि उरलेले दोघे ताट मांडीवर घ्यायला लागले. आमचे हे म्हणायचे, "लोकांना आवडतं." मीही म्हणायचे, आवडत असेल बाई.

मग एके दिवशी हे साहेब आले. हो, हेच. तेव्हा यांना पुष्पगुच्छ नव्हता दिला. साहेबांनी नोटीस दिली की यापुढे प्रत्येक पदार्थापुढे त्यातल्या कॅलरी लिहायच्या. आम्ही ताट झाकून तपासायला पाठवलं. अहवाल आला. त्यात लिहिलेलं आम्हाला कळेना, तेव्हा साहेबांनीच समजावून सांगितलं, "बाई, या एका ताटात धडधाकट माणसाची दिवसभराची सोय होते. आणि दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याचीही."

मी हसले. आक्का नाही हसल्या. त्यांनी एप्रन सोडला, खुंटीला लावला आणि पायऱ्या चढून वरच्या घरात निघून गेल्या. मी मागोमाग गेले तर पलंगावर बसलेल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं मी लोकांना जेवू घालत होते की मारत होते गं? माझ्या हातचं खाऊन कुणाचं वाईट होणार असेल, तर मला त्या चुलीसमोर उभं करू नकोस."

मंडळी, मी घाबरले. हॉटेलचं काय व्हायचं ते होवो, पण स्वयंपाकघराशिवाय आक्का म्हणजे काय, हे मला कल्पनेतही दिसेना. त्या जेवेनात. बोलेनात. आमचे हे दाराशी येऊन घसा खाकरून परत जायचे, ही त्यांची मदत. शेवटी मीच चिडले. म्हटलं, "आक्का, कागदाचं ऐकून घरात बसलात, खाणाऱ्यांना विचारलंत का?" हाताला धरून खाली आणलं. दुपारची गर्दी ओसरली होती, नेहमीची मंडळी टेकून बसली होती. मी उभी राहिले आणि सरळ विचारलं, "खरं सांगा, एवढं सगळं तुम्हाला लागतं का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी टेबल पुसू लागलं. तेव्हा आपले बसचे ड्रायव्हर, तिसऱ्या रांगेत लपून काय बसताय, दिसताय तुम्ही, हे उभे राहिले आणि म्हणाले, "आक्का, रागावणार नसाल तर सांगतो. निम्म्यातच पोट भरतं. पण तुम्ही त्या खिडकीतून बघत असता. ताटात काही टाकून उठायची कुणाची छाती आहे?"

इथे थोडं समजावून सांगायला हवं. स्वयंपाकघर आणि बाहेरची बसायची जागा यांच्यामध्ये एक खिडकी आहे. ताट तिथूनच जातं आणि तिथूनच परत येतं. परत आलेलं प्रत्येक ताट आक्का स्वतः बघायच्या. फार पूर्वी एका बिचाऱ्याने दोन बटाटे टाकले होते. आक्का हात पुसत बाहेर आल्या. "चव गेली का? की बरं नाही तुम्हाला?" त्याच्या कपाळाला हात लावला, आल्याचं गरम पाणी पाजलं आणि ताप नाही याची खात्री होईपर्यंत त्याला उठू दिलं नाही. ते ज्यांनी पाहिलं त्यांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या ताटात शीतही उरलं नाही.

ड्रायव्हरांनी धीर केल्यावर बाकीच्यांची तोंडं उघडली. एक जण म्हणाले, मी बटाटे रुमालात बांधून नेतो. दुसरे म्हणाले, माझ्या कोटाला आतून खिसा शिवून घेतलाय. बस डेपोतली कुत्री एवढी धष्टपुष्ट का, हे कोडं त्या दिवशी सुटलं. दुपारची बस रोज उशिरा का सुटते, तेही कळलं. जेवण उतरावं म्हणून ड्रायव्हर बसभोवती फेऱ्या मारायचे आणि प्रवाशांना वाटायचं, टायर तपासतायत! आणि सगळ्यांना "कमी खा, कमी खा" म्हणून बजावणाऱ्या आपल्या अध्यक्ष, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ताट पुसून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

आक्का ऐकत होत्या, ऐकत होत्या, आणि एकदम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मेल्यांनो, तोंड दिलंय ना देवाने? ताट चाटूनपुसून परत यायचं, म्हणून मला वाटायचं तुम्ही उपाशी राहिलात! म्हणून मी दुसऱ्या दिवशी एक डाव जास्त वाढायचे!"

आलं का लक्षात? यांनी आक्कांना वाईट वाटू नये म्हणून संपवायचं, आणि आक्कांनी यांची भूक राहू नये म्हणून वाढवायचं. कुणाचंही मन दुखवायचं नाही या नादात आम्ही सगळ्यांनी मिळून गावाची कंबर वाढवली. आक्का हसायला लागल्या त्या थांबेचनात. पदराने डोळे पुसत होत्या, परत हसत होत्या. मीही हसत तिथेच खुर्चीवर बसले. 

दुसऱ्या दिवशी जुनी साधी ताटं धुऊन काढली. ठरवलं, थोडं वाढायचं, ज्याला हवं त्याने मागून घ्यायचं. पण आक्का या मागण्याच्या गोष्टीला काही तयार होईनात. मी म्हटलं, अहो, त्यात काय? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरी भावंडांची ही मोठी रांग. आईने वाढलं की तेवढंच. पुन्हा मागायचं नाही, अशी आक्कांनीच धाकट्यांना ताकीद दिली होती. कारण कुणी मागितलं की आई रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत राहायची आणि ते बघवायचं नाही. आक्का म्हणाल्या, "माझ्या दारात कुणावर मागायची वेळ येऊ नये, एवढंच मी ठरवलं होतं गं."

 मी म्हटलं, एक दिवस करून तर बघू, आणि ताटं खिडकीत मांडली.

पहिलं ताट ड्रायव्हरांचं गेलं. त्यांनी संपवलं. चमचा खाली ठेवला, परत उचलला. खिडकीकडे बघून म्हणाले, "आक्का, भात अजून थोडा मिळेल का?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. आक्का पातेलं घेऊन बाहेर आल्या. पातेलं भरलेलं होतं. त्यांनी एक डाव वाढला आणि विचारलं, "पुरे?" ते म्हणाले, "पुरे." आक्कांनी दुसरा डाव भरला होता, तो पातेल्यात परत ठेवला. आत आल्या आणि माझा दंड धरला. म्हणाल्या, "मागून घेतलं गं त्यांनी. मागितलं आणि माझ्याकडे होतं."

मी रडणार नाही म्हणाले होते. जाऊ द्या, आता झालंच आहे तर चालवून घ्या.

समारोप करते. अध्यक्षांनी वेळात वेळ काढला, त्यांचे आभार. साहेब, तुमच्या नोटिशीबद्दल त्या दिवशी मी तुमच्या पाठीमागे जे काही बोलले, त्याबद्दल आज सगळ्यांच्या समोर माफी मागते, आणि नोटिशीबद्दल आभार मानते. तुम्ही सगळे आलात, आक्कांचं मन भरलं. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं गुपित फुटलं असेल, तर मला आपल्या घरातली समजून एवढं पोटात घाला.

आणि एक विनंती. आता जेवायला बसायचं आहे. गुडघे कितीही कुरकुरोत, आज पंगतीत आक्का स्वतः वाढणार आहेत, शेवटचं. पहिल्यांदा ताटात थोडंच येईल. माझी हात जोडून विनंती आहे, एकानेही मागितल्याशिवाय उठू नका. आज पातेली भरलेली आहेत.