चार बोटं

लेक: बाबा, रागवणार नसाल तर सांगते. आईच्या वह्या आमच्या मत्स्य ऑफिसनं परत केल्या.

बाबा: परत? एकोणीस वर्षांच्या वह्या?

लेक: माप जुळत नाही म्हणे. आईनं शेवंडीच्या, ऑफिसच्या भाषेत लॉबस्टरच्या, कवचाची लांबी बोटांत लिहिलीय. ‘मादी, चार बोटं, अंडी.’ मी माझं बोट मोजलं, दीड सेंटीमीटर भरलं. म्हणजे कवच सहा सेंटीमीटर. एवढ्या लहान मादीला अंडी नसतात हो.

बाबा: मग काय, तुझी आई खोटं लिहायची?

लेक: असं म्हटलं का मी?

बाबा: होडी लागली की एकेक शेवंड मी धरायचो आणि ती पाठीवर बोटं टेकवायची. अंडी दिसली की वहीत तशी नोंद. वर मला हुकूम, “सोडा हो तिला, बाळंतपण आहे तिचं.” मी मुकाट सोडायचो. गिऱ्हाईक बघत राहायचं तोंडाकडे.

लेक: म्हणून तर त्या वह्या हव्यात. किती लहान शेवंड धरायची नाही, ते सोमवारी ठरणार. निम्म्या माद्यांना कुठल्या मापाला अंडी येतात ते कळायला हवं. आईच्या वह्यांत ते माप चार बोटं येतं. ऑफिसकडे दोनच महिन्यांचे आकडे आहेत. तेवढ्यावर मर्यादा वाढवायला कुणी तयार नाही.

बाबा: बोट मोजलंस ते उघडं?

लेक: उघडं म्हणजे?

बाबा: अगं वेडे, शेवंडीच्या अंगभर काटे! उघड्या हातानं कोण शिवेल तिला? हातमोजा घालायची ती. चांगला जाड, रबरी. एवढं शिकलीस आणि बापाला विचारलं नाहीस?

लेक: होड्या यायच्या तेव्हा मी शाळेत असायचे! बाबा... तोच का, दाराआडच्या खिळ्यावरचा?

बाबा: तो हलवायचा नाही.

लेक: माहीत आहे. मागे धूळ झटकायला काढला तर दोन दिवस अबोला धरला होतात. मी तिथंच, खिळ्याखाली उभी राहून हात घालते.

बाबा: डोकं ठिकाणावर आहे का? थांब.

(तो उठतो, हातमोजा स्वतः काढतो, फुंकर मारतो.)

बाबा: घे. हळू घाल, अंगठ्याला ठिगळ आहे.

लेक: अगदी बसला. चार बोटं जुळवते, तुम्ही पट्टी धरा. किती?

बाबा: सात... आणि वर पाच बारीक रेघा.

लेक: साडेसात! बाबा, ऑफिसच्या आकड्यांतही साडेसातच येतंय!

बाबा: म्हणजे ती चुकली नव्हती.

लेक: चुकले मी. सोमवारी वह्या मी स्वतः घेऊन जाते. हातमोजा इथंच राहील. काढू आता?

बाबा: असू दे जरा. चहा टाकतो.

लेक: आणि कप कसा धरू?

बाबा: डाव्या हातानं. ती तसाच घ्यायची.