धूर दिसला पाहिजे

मी डिप्लोमा अर्धवट सोडला, याचा राग माझ्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, नाहीच. सोडूनही त्यांना शिकवतो, याचा आहे. राणीसावरगावात आमचं गुऱ्हाळ. रसाच्या काहिलीखालच्या चुलवाणाला तळातून वाराच नव्हता, म्हणून उसाचं चिपाड अर्धंच जळायचं आणि रस उकळायला दुपार व्हायची. मी हुज्जत घालून तळाशी लोखंडी जाळी बसवली, वारा शिरायला बोगदा काढला. आबा म्हणाले, "ही काहील बिघडली तर बोगदा बुजवायचा, आन् तू बी गप बसायचं."

जाळ असा लागला की रस धडाधड उकळायला लागला. धुराड्यातून धूर मात्र दिसेना. आबा रस्त्यावरूनच धावत आले.

"इझलंय की रे. धूर न्हाई."

"आबा, नीट जळतंय म्हणून धूर नाही. रस बघा की."

"मी जन्मभर चुलवाण बघायलोय. मला शिकवू नको."

रसाकडे ढुंकूनही न बघता त्यांनी ओल्या चिपाडाचे चार भारे आत कोंबले. जाळ बसला, काहील थंडावली, गावभर काळा धूर झाला. खोकत, डोळे पुसत आबा म्हणाले, "आता कसं पेटल्यावानी दिसायलंय. बुजव तो बोगदा."